व्यसनमुक्ती समुपदेशनाचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणाऱ्यांत प्रशिक्षणाला येऊ पाहणारे आहेत, मध्यावर अडकलेले आहेत आणि कोर्स संपवून पहिल्या नोकरीत धडपडणारेही आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. परवाने आणि कायदे देशागणिक बदलतात. त्यामुळे जिथे कायद्याचा विषय येईल तिथे आपल्याकडचा नियम तपासूनच पुढे जावं.

१. व्यसनमुक्ती समुपदेशक नेमकं करतो काय? डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ असताना त्याची गरज का पडते?

डॉक्टर शरीर सावरतात, औषधं ठरवतात, सोबतचे आजार ओळखतात. पण दारू अंगातून उतरायला फार दिवस लागत नाहीत. ती पुन्हा हातात न घेता पुढचा महिना आणि पुढचं वर्ष कसं काढायचं, इथे समुपदेशकाचं काम सुरू होतं. माणूस कुठल्या वेळी, कुणाच्या संगतीत, कुठल्या मनःस्थितीत नशेकडे वळतो हे त्याच्याबरोबर बसून शोधायचं, तलफ आली तर काय करायचं याचा सराव घ्यायचा, घरच्यांशी बोलायचं, गट चालवायचा, नोंदी ठेवायच्या. आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं की वेळेत योग्य माणसाकडे पाठवायचं. हे शेवटचं काम कोर्सच्या जाहिरातीत कधी दिसत नाही, पण चांगला समुपदेशक त्यावरूनच ओळखू येतो.

२. मानसशास्त्राची पदवी नसेल तर या क्षेत्रात येता येतं का?

येता येतं. समाजकार्य, नर्सिंग, शिक्षण अशा पार्श्वभूमीची माणसं इथे मोठ्या संख्येने आहेत, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडून आलेलीही आहेत (त्यांच्यासाठी प्रश्न ७ पाहा). मात्र पदवीप्रमाणे कामाची हद्द बदलते. पदवी नसताना तुम्ही सहायक किंवा पीअर (स्वतःच्या अनुभवाच्या बळावर मदत करणारा सोबती) म्हणून काम कराल. निदान करणं, मानसोपचार देणं, स्वतंत्र दवाखाना थाटणं याला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. ‘सर्टिफाइड’ आणि ‘परवानाधारक’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सर्टिफिकेट संस्था देते, परवाना कायद्याने मिळतो. कोर्सची फी भरण्याआधी हा फरक विचारून घ्या, कारण जाहिराती तो मुद्दाम पुसट ठेवतात.

३. प्रशिक्षणात प्रत्यक्षात शिकवतात काय?

सुरुवात मेंदू आणि पदार्थ यांच्यापासून होते. दारू, अफूजन्य पदार्थ, गांजा, उत्तेजक पदार्थ, झोपेच्या गोळ्या यांतलं प्रत्येक मेंदूत काय करतं आणि बंद झाल्यावर काय होतं, हे शिकावं लागतं. पुढे तपासणी येते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी जवळपास सगळीकडे शिकवतात. तिचे गुण ० ते ४० असतात आणि ८ किंवा अधिक आले की दारूमुळे धोका आहे असं धरून पुढे खोलात विचारायचं. ऑडिटने निदान होत नाही, हे मात्र नव्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

निदानाची चौकट कोणती हेही कळायला हवं. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने, ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबन’ ही जुनी विभागणी मोडून ११ निकषांची एकच यादी केली. वर्षभरात दोन-तीन निकष जुळले तर सौम्य, चार-पाच जुळले तर मध्यम, सहा किंवा अधिक जुळले तर तीव्र. याचा उपयोग काय? ‘मी काय बेवडा आहे का?’ असं विचारणाऱ्याशी बेवडा की नाही यावर वाद घालावा लागत नाही. तो त्या पट्टीवर कुठे उभा आहे, हे शांतपणे बोलता येतं.

यानंतरचा मोठा भाग कौशल्यांचा असतो. त्यात प्रेरणादायी मुलाखत (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, प्रश्न ५), पुन्हा नशेकडे वळणं टाळण्याचं तंत्र, गट चालवणं, कुटुंबाबरोबरचं काम, संकटातला हस्तक्षेप, नीतिनियम आणि नोंदी येतात. नोंदींचा तास सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. रात्रपाळीच्या माणसाला तुमची दुपारची नोंद वाचून निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा तिची किंमत कळते. ‘पेशंट ठीक’ या दोन शब्दांचा त्याला काडीचा उपयोग नसतो. ‘हात थरथरतायत, जेवला नाही, घरी फोन करू द्या म्हणतोय’ याचा असतो.

४. विड्रॉवल, म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, हे डॉक्टरांचं काम. ते आम्हाला कशाला शिकवता?

कारण ते सगळ्यात आधी तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. डॉक्टर राऊंडला येऊन जातात; वॉर्डात आणि गटात तुम्ही असता.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली की सहा ते बारा तासांत थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो. खरी फसगत होते ती त्यानंतर. दोन दिवस निघाले, आता सुटलो, असं घरच्यांना वाटत असतं आणि नेमकं तेव्हा, ४८ ते ९६ तासांच्या आसपास, ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ उद्भवू शकतं. माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, भिंतीशी बोलतो, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही, अंग तापतं, नाडी धावते. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. नवा समुपदेशक त्याच्याशी ‘बोलून’ त्याला शांत करायला जातो. इथे बोलण्याचा काही उपयोग नाही. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातली औषधं, एकदम बंद केली तरी असाच धोका असतो.

अफूजन्य पदार्थांचं उलटं आहे. टर्की, म्हणजे ती नशा तुटल्यावरचा त्रास, भयंकर असते. अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. तरी एरवी धडधाकट माणसाचा सहसा तिने जीव जात नाही, शरीरातलं पाणी मात्र सांभाळावं लागतं. धोका असतो तो बाहेर पडल्यावर. काही आठवडे नशा बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने जुन्याच मात्रेत एकदा घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पेशंटला आणि घरच्यांना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणं, आणि जिथे उपलब्ध असेल तिथे नॅलोक्सोनबद्दल (अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवरचा उतारा) माहिती देणं, हे समुपदेशकाचं काम आहे. ‘आता असं बोलून त्याचं मन का मोडायचं?’ असं पुष्कळ जण विचारतात. मन मोडलं तर सांधता येतं.

५. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणजे पेशंटला मोटिव्हेट करणं ना? दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल?

नाही, आणि नाही.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ही पद्धत १९८३ मध्ये मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिचं मर्म असं की बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून यायला हवीत. तुम्ही जितकं जोर लावून ‘सोड’ म्हणाल, तितका तो ‘का सोडू नये’ हे सांगत बसतो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं त्याला पटत जातं.

वर्गात घेतो तो एक प्रसंग बघा. पेशंट म्हणतो, “सगळे मागे लागलेत, सोड सोड. मी काय रोज गटारात पडून असतो का? कामावर जातो, घर चालवतो.” नवशिका लगेच म्हणतो, “अहो, पण तुमचा लिव्हरचा रिपोर्ट बघा ना!” झालं. पुढचा अर्धा तास रिपोर्टवर हुज्जत. तयार माणूस म्हणतो, “घर तुम्ही चालवता, आणि तरी घरचेच असं बोलतात, हे लागतंय मनाला.” पेशंट जरा थांबतो. “लागतं म्हणजे... पोरगी बोलत नाही हल्ली माझ्याशी.” आता बोलायला काहीतरी मिळालं, आणि ते त्याने स्वतः काढलंय. रिपोर्ट कुठे पळून जात नाही, त्याची वेळ पुढे येतेच.

कागदावर हे सोपं दिसतं. कार्यशाळेतून माणसं उत्साहाने परत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत जुन्या उपदेशावर येतात, कारण उपदेश करणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. कार्यशाळेनंतर कुणीतरी तुमचं प्रत्यक्ष संभाषण ऐकून दुरुस्त्या सुचवल्या तरच कौशल्य टिकतं, हे या पद्धतीवरच्या संशोधनातही दिसलं आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न.

६. सुपरव्हिजन म्हणजे वरिष्ठांनी कामावर नजर ठेवणं का?

हा गैरसमज बहुतेक संस्थांनीच पोसलाय. हजेरी, रिपोर्ट, किती पेशंट पाहिले याचा हिशेब हे सगळं प्रशासन झालं. क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर ठरलेल्या वेळी बसून आपल्या केसेस उघड्या करणं.

कसं चालतं ते सांगतो. पेशंटच्या लेखी संमतीने सत्राचं रेकॉर्डिंग केलेलं असतं. सुपरवायझर त्यातली दहाच मिनिटं ऐकतो, पण कान देऊन. तुम्ही किती प्रश्न विचारले आणि पेशंटने सांगितलेलं किती वेळा त्याला परत ऐकवलंत, हे कागदावर रेघा मारून मोजतो. नव्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुधा सलग आठ-दहा प्रश्न सापडतात: कधीपासून पिता, किती पिता, घरी कोण असतं, बायको काय म्हणते. पेशंटची उत्तरं एकेका शब्दावर येतात. विचारणाऱ्याला वाटतं माहिती गोळा होतेय, ऐकणाऱ्याला उलटतपासणी ऐकू येते. हे तुम्हाला स्वतःहून कधीच कळणार नाही, कारण खोलीत असताना आपलं सगळं लक्ष पुढच्या प्रश्नावर असतं.

दुसरा भाग नाजूक आहे. एखाद्या पेशंटचा तुम्हाला विनाकारण राग येतो, एखाद्यासाठी तुम्ही सुट्टीच्या दिवशीही धावत जाता. यामागे पुष्कळदा आपल्याच घरातलं कुणीतरी असतं. ते बोलून मोकळं करायची जागा हीच.

माझं मत विचाराल तर ज्या कोर्समध्ये असं सुपरव्हिजन नाही त्याला मी माहितीपर व्याख्यानमाला म्हणेन. व्याख्यानमाला वाईट नसते. तिच्या जोरावर पेशंट घेऊ नयेत, एवढंच.

७. मी स्वतः व्यसनातून बाहेर पडलोय. मला वेगळं प्रशिक्षण कशाला हवं?

तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. दारातून आत आलेल्या माणसाची लाज तुम्हाला सांगावी लागत नाही, थापा तुम्हाला आधी कळतात, आणि तुम्ही समोर बसलेला आहात हाच त्याला पुरावा असतो की हे जमतं. पीअर म्हणून या अनुभवाला जगभर मान्यता आहे.

अडचण कुठे येते? ‘मी असं केलं, तूही तसंच कर’ इथे. तुम्ही एका झटक्यात बंद केली असेल, समोरच्याला औषधांचा आधार लागेल. तुम्हाला गटाने तारलं, त्याला चार माणसांत तोंड उघडवत नाही. प्रशिक्षण तुमच्या अनुभवाला मर्यादा घालायला शिकवतं. आपली गोष्ट कधी सांगायची आणि कधी गिळायची, यासाठी एक साधी कसोटी आहे. सांगितल्यावर बोलणं पुन्हा पेशंटकडे वळतंय की तुमच्याकडेच राहतंय? तुमच्याकडे राहिलं, तर ती त्या वेळी सांगायची नव्हती.

बहुतेक संस्था प्रवेशाआधी काही काळ पूर्ण नशामुक्त राहिल्याची अट घालतात. ती अपमान म्हणून घेऊ नका. दिवसभर तलफेच्याच गोष्टी कानावर पडणार असतात, पाय घट्ट रोवलेले लागतात. घसरण झालीच तर काय, हे प्रश्न १७ मध्ये आहे.

८. मला कधीच व्यसन नव्हतं. पेशंट म्हणतो, ‘तुला काय कळणार?’ काय उत्तर देऊ?

“खरंय, तुमच्यावर जे गुजरलं ते मला माहीत नाही. सांगाल?” एवढंच. पुस्तकं आणि पदवी पुढे करू नका, आणि ‘मलाही चहाचं व्यसन आहे’ असलं तर चुकूनही म्हणू नका.

९. पूर्ण ऑनलाइन कोर्स चालेल का?

माहितीचा भाग ऑनलाइन उत्तम होतो. औषधांची नावं, निकष, नीतिनियम यांसाठी वर्गात बसण्याची गरज नाही. गट चालवणं मात्र पडद्यावर शिकता येत नाही. बारा जणांत एक जण रडू लागला, दुसरा उठून चालला आणि तिसरा हसला, हे एकाच वेळी पेलायला प्रत्यक्ष गटात सहायक म्हणून बसावं लागतं. कोर्स निवडताना प्रात्यक्षिकाचे तास किती, ते कुठल्या केंद्रात होणार आणि सुपरवायझरचं नाव काय, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

१०. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं कोणती, आणि त्यांचा उपयोग होतो का?

कोलंबो प्लॅन ही १९५१ पासूनची आंतरसरकारी संस्था आहे. तिच्या प्रशिक्षणासाठी ‘युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम’ हा अभ्यासक्रम तयार झाला, आणि ‘आयकॅप’ नावाच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षा तिच्यामार्फत होतात. ‘इसुप’ हे या क्षेत्रातल्या लोकांचं जागतिक जाळं आहे, तिथे बरंच प्रशिक्षण साहित्य मिळतं. उपचार कसे असावेत याची मानकं जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी मिळून काढली असून त्यांची सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. ती प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एकदा तरी वाचावी.

उपयोग होतो, पण हे प्रमाणपत्र स्थानिक परवान्याची जागा घेत नाही (प्रश्न २).

११. आमच्या केंद्रात शिकवतात की औषधं म्हणजे एका नशेऐवजी दुसरी नशा. खरं आहे का?

नाही, आणि हा समज जीवावर बेततो. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वँडर या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या पेशंटना मेथाडोन हे औषध देऊन पाहिलं, तेव्हापासून या उपचारावर भरपूर अभ्यास झालाय. मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली ती घेणारा माणूस कामावर जातो, घरी वेळेवर येतो, सुई टोचत नाही. व्यसनाच्या व्याख्येत बसतं ते ताबा सुटणं आणि नुकसान होत असूनही चालू ठेवणं. रोज एक गोळी लागते एवढ्यावर कुणी व्यसनी ठरत नाही. रक्तदाबाची गोळीही रोजच लागते.

समुपदेशक औषध लिहून देत नाही, पण त्याला दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. एक, अंगात अफूजन्य पदार्थ असताना नॅलट्रेक्सोन (त्या पदार्थांचा परिणाम रोखणारं औषध) दिलं गेलं तर जोरदार टर्की सुरू होते. म्हणून ‘शेवटचं कधी घेतलंस?’ याचं खरं उत्तर मिळवणं तुमच्या हातात आहे. दुसरी डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या गोळीची, ती पुढच्या प्रश्नात.

१२. घरचे विचारतात, ‘त्याला न सांगता जेवणात गोळी घालू का?’

ठामपणे नाही म्हणा, आणि का ते समजावून सांगा. डायसल्फिरामचा दारू सोडवण्यासाठीचा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आला. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य ते शरीरात साठू देतं. वरून दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाचा आजार असेल तर प्रकरण मृत्यूपर्यंत जाऊ शकतं. ज्याला माहीतच नाही तो सावध कसा राहणार? हे औषध काम करतं ते पेशंटला ठाऊक असल्यामुळेच. ‘गोळी घेतलीय, आज प्यायची सोय नाही’ हे मनाशी पक्कं होणं हाच त्याचा गाभा.

घरची माणसं हे क्रूरपणाने विचारत नाहीत, थकून विचारतात. नुसतं ‘करू नका’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. रॉबर्ट मेयर्स यांची ‘क्राफ्ट’ ही पद्धत नेमकी अशा कुटुंबांसाठी आहे. पेशंट उपचाराला तयार नसताना घरच्यांनी कसं वागावं, कधी लक्ष द्यावं, कधी नशेचे परिणाम झाकणं थांबवावं, हे त्यात शिकवतात. तिचं प्रशिक्षण मिळत असेल तर सोडू नका.

१३. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम शिकावाच लागतो का? माझा देवावर विश्वास नाही.

ओळख असायलाच हवी. हा कार्यक्रम चालवणारं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन इथे सुरू झालं आणि आज अनेक पेशंटचा डिस्चार्जनंतरचा तोच मोठा आधार असतो, तोही फुकट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या संशोधन-आढाव्यातही नशामुक्त राहण्याच्या बाबतीत पद्धतशीरपणे ए.ए.कडे जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड किंवा काहीसे सरस दिसले.

पण ए.ए. म्हणजे व्यावसायिक उपचार नव्हे. त्यांच्याच ‘परंपरां’मध्ये, म्हणजे गटांच्या नियमांमध्ये, आठव्या क्रमांकावर तसं लिहिलंय. तुमचं काम पेशंटला तिथवर नेऊन सोडणं आणि ते त्याला मानवतंय का हे विचारणं. ज्याला पायऱ्यांमधला ‘ईश्वर’ हा शब्द अडतो त्याच्यासाठी ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे वेगळे गट आहेत. तुमची श्रद्धा किंवा अश्रद्धा सत्रात आणायची नसते, त्यामुळे तो प्रश्न तसा निकालात निघतो.

१४. मोबाइल आणि गेमिंगच्या केसेस वाढल्या आहेत. हेच प्रशिक्षण त्यांना चालतं का?

बऱ्याच अंशी. डीएसएम-५ ने जुगाराचा विकार व्यसनांच्याच प्रकरणात घेतला. आयसीडी-११ ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात गेमिंगचा विकारही आहे. ‘मोबाइलचं व्यसन’ असं स्वतंत्र निदान मात्र या दोन्हींत नाही. म्हणून आईवडिलांनी ‘याला व्यसन लागलंय’ म्हणून आणलेल्या पोराला लगेच लेबल लावू नका. तो खेळतो किती हे नंतर विचारा. झोप, शाळा, मित्र काय म्हणतात ते आधी विचारा. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान होऊनही चालू आहे का, आणि हे साधारण वर्षभर दिसतंय का, हे बघायचं असतं. खेळण्याआड नैराश्य किंवा शाळेतली दादागिरी निघते, असंही पुष्कळदा होतं.

जुगारात एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे कर्ज. तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, म्हणून घरी पत्ता लागतो तेव्हा बोजा डोक्यावरून गेलेला असतो. अशा वेळी आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हा नियम सगळ्याच पेशंटना लागू आहे.

१५. बायकोचा फोन येतो: ‘तो परत प्यायला का, एवढंच सांगा.’ काय करू?

पेशंटची लेखी संमती नसेल तर हो किंवा नाही यांतलं काहीच सांगायचं नाही. अगदी ‘नाही’सुद्धा नाही, कारण पुढच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात की त्याचा अर्थ ‘हो’ होईल. पण ऐकायला बंदी नाही. “मी त्यांच्याबद्दल सांगू शकत नाही, पण तुम्हाला घरी काय दिसतंय ते सांगा. तुम्ही स्वतः कशा आहात?” हे वाक्य पाठ करून ठेवा. मात्र तिने सांगितलेलं तुम्ही त्याच्यापुढे ठेवणार की नाही, हे तिथेच स्पष्ट करा.

संमतीचा कागद पहिल्याच भेटीत, सगळे शुद्धीवर आणि शांत असताना करून घेतला तर निम्मी भांडणं टळतात. कुणाला, काय, कुठवर सांगायचं ते पेशंटला ठरवू द्या. अपवाद तुमच्याकडच्या कायद्यात दिलेले असतात. जिवाला तातडीचा धोका, मुलांवरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश हे सर्वसाधारणपणे त्यांत येतात. हे अपवाद पेशंटला आधीच सांगायचे असतात, प्रसंग आल्यावर नव्हे.

१६. पेशंट पिऊनच सत्राला आला तर?

सत्र होणार नाही, पण हाकलायचंही नाही. आधी तब्येत बघा: शुद्ध, श्वास, पडल्या-झडल्याच्या खुणा, गोळ्या घेतल्यात का. काही खटकलं तर थेट वैद्यकीय मदत. ठीक असेल तर “आज बोलून फायदा नाही, उद्या या” म्हणून वेळ ठरवून द्या. तो गाडी घेऊन आला असेल तर त्याला तसाच जाऊ देऊ नका, घरच्या कुणाला बोलावून घ्या. यात गोपनीयता कशी सांभाळायची, तर संमतीच्या कागदात ‘अडचणीच्या वेळी कुणाला फोन’ ही ओळ आधीच लिहून घेऊन (प्रश्न १५).

दुसऱ्या दिवशी तो आला तर त्या येण्याचं कौतुक करा. घसरून परत येणं सोपं नसतं. मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी एकदा पाय घसरणं आणि पुन्हा पूर्ण नशेत जाणं यांत फरक केला. ‘आता सगळं संपलं, मग कशाला थांबू’ हा विचारच पहिल्या ग्लासापासून दुसऱ्यापर्यंत नेतो, हे त्यांनी दाखवलं. काल काय झालं याची तपशीलवार उजळणी करा, रागवारागवी न करता.

१७. समुपदेशकच घसरला तर? मी व्यसनातून बाहेर आलेला समुपदेशक आहे आणि परवा एकदा प्यायलो. कुणालाच माहीत नाही.

पेशंट पाहणं आजपासून थांबवा आणि सुपरवायझरला सांगा. उद्या सांगेन, आधी सावरतो, असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं हे तुम्ही स्वतः पेशंटना रोज सांगता.

चांगल्या संस्थेकडे याची लेखी पद्धत असते. काही काळ पेशंटच्या कामातून बाजूला ठेवणं, स्वतःचे उपचार बाहेरच्या केंद्रात, मग सुपरव्हिजन वाढवून टप्प्याटप्प्याने परत घेणं. उपचार आपल्याच केंद्रात घेऊ नयेत. ज्या गटात काल तुम्ही चालक होतात त्यात आज मोकळेपणाने बोलणं जमत नाही, आणि तिथल्या पेशंटवरही त्याचं ओझं येतं. तुमच्या केसेस दुसऱ्याकडे देताना पेशंटना खोटं कारण देऊ नका. “ते काही दिवस रजेवर आहेत, तोवर मी तुमच्यासोबत आहे” एवढं पुरतं.

परवाना असेल तर काही ठिकाणी हे कळवणं बंधनकारक असतं. ते सुपरवायझरबरोबर बसून तपासा. संस्थेकडे अशी पद्धतच नसेल आणि कळताच काढून टाकतील अशी भीती असेल, तरी पेशंट थांबवणं आणि उपचार सुरू करणं आजचंच. त्यासाठी बाहेरच्या एखाद्या सुपरवायझरला किंवा आपल्या जुन्या समुपदेशकाला फोन करा.